सीनेच्या अलीकडे आणि पलीकडे

सीना ही कांहीं मोठी नदी नव्हे. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, याच्या जवळच्या डोंगरांत ती उगम पावते, आग्नेयेकडे वाहूं लागते, आणि वाटेंत कांहीं अंतर नगर व बीड या दोन जिल्ह्यांची शीव होऊन राहते. उन्हाळ्यांत तिचें पात्र कोरडें पडतें व गुरें तें सहज ओलांडून जातात. परंतु पेशवाई बुडाल्यापासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, सव्वाशें वर्षांहून अधिक काळ, या पात्राच्या अलीकडे एक राज्य होतें आणि पलीकडे दुसरें. अलीकडे इंग्रजांचा कायदा चाले. पलीकडे आष्टी, पाटोदें, बीड, अंबेजोगाई या मुलखांत निजामाचा अंमल होता. नवीन धर्माची वार्ता घेऊन खेडोपाडीं हिंडणारे पाद्री या शिवेपाशीं येऊन ठेपले, त्याची हकीगत बहुधा त्यांच्याच अहवालांवरून सांगितली जाते. किती कोस चाललों, किती पुस्तकें वांटलीं, किती लोक ऐकावयास जमले, असा तिचा थाट असतो. अशा वर्णनांत पाहुणा भरपूर बोलतो. यजमान फारच थोडें बोलतो. आणि खरें पाहतां, पाहुणा दोन दिवसांनीं तंबू उचलून पुढील गांवीं जाई. मागें राहून गांवाला तोंड द्यावयाचें तें यजमानाला. म्हणून हा इतिहास पाहुण्याच्या छकड्यापेक्षां यजमानाच्या उंबरठ्यावरून पाहणें अधिक सयुक्तिक ठरतें.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रतिनिधि, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, १८१३ सालीं मुंबईस उतरले. कंपनी सरकारला हे पाहुणे मुळींच नको होते. त्यांना परत पाठविण्याची खटपटही झाली. पण ते टिकले. हॉल यांना मराठी चांगली अवगत झाली, आणि प्रवास हेंच त्यांचें कार्य ठरलें. १८२६ च्या मार्च महिन्यांत नाशिकच्या बाजूस ते गेले असतां तेथें पटकीची सांथ जोरांत होती. जवळचें औषध त्यांनीं लोकांना वांटून टाकलें, आणि परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीवर त्यांना त्याच रोगानें गांठलें व तेथेंच त्यांचा अंत झाला. पुढें १८३१ च्या डिसेंबरांत ग्रेव्हज, हर्व्हे व रीड हे तिघे मिशनरी नगरास आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. सहा महिन्यांच्या आंत हर्व्हे पटकीनें गेले. १८३३ च्या एप्रिलांत बाबाजीही तिनेंच गेले. रीड यांनीं बाबाजींचें चरित्र इंग्रजींत लिहून १८३६ सालीं न्यूयॉर्कला प्रसिद्ध केलें. एका मराठी माणसाचें चरित्र इतक्या लवकर समुद्रापलीकडे छापलें जावें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

पटकीचा उल्लेख येथें निव्वळ शोक म्हणून केलेला नाहीं. तिचा या कथेशीं पुढें दुसराच संबंध येतो.

प्रवासाचा हंगाम थंडीचा. पाऊस सरला, वाटा वाळल्या, शाळवाचीं कणसें भरूं लागलीं, कीं पाद्र्यांचे छकडे नगरहून निघत. तंबू, स्वयंपाकाचीं भांडीं, औषधांची पेटी आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत छापलेलीं लहान लहान पुस्तकें बरोबर असत. (हा छापखाना मराठी मुद्रणाचें एक माहेरघर होता, निर्णयसागराचे संस्थापक जावजी दादाजी यांनीं टाइपाचें काम लहानपणीं तेथेंच पाहिलें.) गांवीं पोंचल्यावर प्रथम चावडी. पाटील-कुळकर्णी येऊन बसत, एखादा शास्त्री वादास उभा राही, मूर्तिपूजा, कर्म, पुनर्जन्म यांवर खडाजंगी होई. पाद्री गांवच्या देवांविषयीं पुष्कळदां अनुदार बोलत. गांवकरीही त्यांना तोडीस तोड उत्तरें देत. करमणूक चांगली होई, पण चावडीवरून फारसें कोणी उठून पाद्र्यांच्या मागें गेलें नाहीं. वर्षानुवर्षें हाच अनुभव आल्यावर छकडा वेशीबाहेर वळला.

वेशीबाहेर महारवाडा होता. तेथें ही वार्ता कां रुजली, याचें उत्तर पाद्र्यांच्या वक्तृत्वांत शोधणें व्यर्थ आहे. महार हा गांवचा येसकर. सरकारी टपाल, वसूल, निरोप, मयताची खबर, हें सारें त्याच्या पायांनीं चाले. पंचक्रोशींतील प्रत्येक वाट त्याच्या ओळखीची असे, आणि प्रत्येक वाटेच्या शेवटीं कोणीतरी सोयरा. सोयरिकींना राज्याची शीव ठाऊक नसते. नगरकडील मुलगी आष्टीकडे दिलेली, पाटोद्याकडील सून नेवाशाकडे आलेली, अशीं नातीं सीनेच्या दोन्ही कांठांवर गुंफलेलीं होतीं. लग्नाला, दहाव्याला, जत्रेला माणसें जात-येत, आणि त्यांच्या बोलण्यांतून नवी गोष्ट पाद्र्याच्या आधींच गांवांत पोंचे. शिवाय हा समाज धर्मचर्चेला अपरिचित नव्हता. चोखामेळ्याचे अभंग, पंथांचे गुरु, एकतारीवरचीं भजनें यांवर पोसलेल्या माणसांनीं नव्या गुरूचीही परीक्षा घेतली. पाद्र्यांना वाटे, आपण वार्ता घेऊन गेलों. बहुतेक वेळां ती सोयऱ्या-धायऱ्यांनींच नेलेली असे. पाद्री नंतर शिक्का मारण्यास येई.

१८५४-५५ सालीं या कार्याला निश्चित दिशा मिळाली. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डानें रूफस अँडरसन व थॉम्सन या दोघांना पाहणीसाठीं हिंदुस्थानांत पाठविलें. अँडरसन यांचें मत ठाम होतें: परदेशी माणसानें कायमचें ठाण मांडून बसूं नये, खेडोखेडीं लहान मंडळ्या स्थापाव्या, त्यांवर देशी पाळक नेमावे, आणि शिक्षण देशी भाषेंत द्यावें. १८५४ सालींच हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना नगरास पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजी शाळांवरील भर कमी केल्यानें शहरांतील कित्येक मिशनरी नाराज झाले, व त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. कारण मराठीपुरत्या शिकलेल्या मुलाला कचेरीचें दार बंदच राही. पण खेड्यांतील मंडळी ही कल्पना मात्र तेथून पुढें दृढ झाली.

हरिपंत आणि रामकृष्णपंत हे मूळचे ब्राह्मण. मंडळींतले बहुसंख्य लोक मूळचे महार. येथें प्रवासाचा खरा प्रसंग येतो, आणि तो व्याख्यानाचा नसून भाकरीचा आहे. पाळक महारवाड्यांत जाई, घोंगडीवर बसे, आणि यजमानीण लोटाभर पाणी व भाकरी पुढें ठेवी. ती भाकरी खाल्ली, तर इतर सर्व उपदेशाची जागा भरून निघे. न खाल्ली, तर सगळा उपदेश फुकट. प्रभुभोजनाच्या विधींत सर्वांनीं एकाच भाकरीचे व एकाच प्याल्याचे वांटेकरी व्हावें, हा या मिशनचा दंडक होता. जात सोडल्यावांचून बाप्तिस्मा नाहीं, असें तें सांगे. तमिळ प्रांतांत तंजावरकडील लुथरन मंडळ्यांत जातवार वेगळें बसण्याची चाल पुढेंही दीर्घकाळ चालू राहिली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नगरच्या दंडकाचें महत्त्व कळतें. साहेबानें जमिनीवर बसणें हें नवलाचें होतें खरें. पण साहेब परकाच. शेजारच्या आळीच्या माणसानें पाणी घेणें हें त्याहून मोठें नवल होतें.

या पाण्याची किंमत मात्र यजमानानेंच चुकती केली. बलुतेदारीच्या व्यवस्थेंत महाराला खळ्यावर धान्याचा वांटा, सणाची भाकरी, मेलेल्या जनावराचें कातडें असे हक्क होते, आणि त्यांच्या मोबदल्यांत कामें होतीं. त्यांपैकीं कित्येक कामें देवकार्याशीं जडलेलीं. गांवांत पटकी आली कीं मरीआईचा गाडा काढावा लागे, आणि त्यांत महार-मांगांचा मान आवश्यक असे. ख्रिस्ती झालेला महार तो मान नाकारी. ज्या सांथीनें हॉल, हर्व्हे व बाबाजी गेले, तीच सांथ दारीं उभी असतां एका घरानें गाड्याला हात लावण्याचें नाकारणें म्हणजे सबंध गांवाच्या जिवाशीं खेळणें, असें गांवकऱ्यांना मनापासून वाटे. त्यांच्या रागांत केवळ दुष्टावा पाहणें अन्यायाचें होईल; भीति खरी होती. पण त्या भीतीचा भार ज्या घरावर पडला, त्याचें खळ्यावरचें धान्य बंद झालें, वाट अडली, आणि आपल्याच भाऊबंदांनीं पंक्तींतून उठविलें. मुलींच्या सोयरिकी कोठें कराव्या, हा तर त्याहून बिकट प्रश्न.

सरकारचा कायदा कोठें होता? १८५० सालच्या २१ व्या कायद्यानें धर्मांतर केलेल्या माणसाचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. सीनेच्या अलीकडे तो लागू होता, पलीकडे नाहीं. तथापि अलीकडेही त्याचा उपयोग ज्याच्याकडे वारसा सांगण्यासारखें कांहीं होतें त्यालाच. ब्राह्मण धर्मांतरिताला त्यानें आधार दिला. महाराचें बलुतें म्हणजे गांवाच्या मर्जीवरचें धान्य. तें कोणत्या कलमांत बसवावयाचें? म्हणून दोन राज्यांच्या कायद्यांतील भेद कागदावर मोठा दिसला, तरी खेड्यांतल्या घराला तो फारसा जाणवला नसावा.

पलीकडच्या राज्यांत दुसऱ्या बाजूनें एक वाट आली होती, ती उत्तरेकडून. गोदावरी ही बीडची उत्तर सीमा, आणि तिच्या पलीकडे जालना. तेथें निजामाच्या काँटिंजंट फौजेची छावणी होती, तशीच बीडमध्यें अंबेजोगाईस, म्हणजे तेव्हांच्या मोमिनाबादेस होती. जालन्यास १८६० नंतरच्या दशकांत नारायण शेषाद्री आले. हें नांव मुंबईकर वाचकांना वेगळ्याच प्रकरणावरून ठाऊक असेल. १८४३ सालीं नारायण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही पाद्र्यांकडे राहिला होता, त्याला कोर्टाच्या हुकुमानें बापाच्या स्वाधीन करण्यांत आलें, आणि त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं यावर मुंबईची ब्राह्मण मंडळी दुभंगली. बाळशास्त्री जांभेकर त्याला घ्यावें या पक्षाचे होते व त्याबद्दल त्यांना पुष्कळ सोसावें लागलें. ज्या घराण्याच्या एका मुलाच्या खाण्यापिण्यावरून सबंध शहर हादरलें, त्याच घराण्यांतील थोरला भाऊ वीस वर्षांनीं जालन्याच्या बाजूस मांग-महारांच्या वस्तींत जाऊन बसला, हा योग इतिहासांत फार विरळा.

शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक होते. त्यांनीं नुसते प्रवास केले नाहींत. सालारजंगांच्या कारभारांत त्यांना जमीन मिळाली, आणि जालन्याजवळ त्यांनीं बेथेल हें नवें गांवच वसविलें. बेथेल म्हणजे देवाचें घर. खेड्यांतून बहिष्कृत झालेल्या कुटुंबानें जावें कोठें, या प्रश्नाला हें सरळ उत्तर होतें: स्वतःचें गांव, स्वतःची शेती, स्वतःची विहीर. १८७३ सालीं न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेंत शेषाद्रींनीं भाषण केलें, आणि पागोटें घातलेला हा वक्ता अमेरिकेंत चर्चेचा विषय झाला. तरीही बेथेलच्या उपायांत एक उणीव होती. वेगळें गांव वसविलें कीं जुन्या गांवाशीं असलेला झगडाही सुटतो आणि नातेंही. नगरच्या मंडळ्या आपापल्या महारवाड्यांतच राहिल्या, हाल सोसले, पण सोयऱ्यांच्या शेजारीं राहिल्या. दोहोंत श्रेयस्कर कोणतें, हें ज्याला त्या विहिरीवर पाणी भरावयाचें नाहीं त्यानें ठरविणें सोपें नाहीं.

नगरकडील कार्याचें एक मोठें ठाणें वडाळें. औरंगाबादच्या रस्त्यावर, नेवाशाच्या बाजूस तें आहे. १८५७ सालीं सॅम्युएल फेअरबँक तेथें राहावयास गेले. हा मनुष्य विलक्षण चौकस होता. शेतकऱ्यांना सुधारलेले नांगर दाखवावे, शिंपले व पक्षी गोळा करावे, त्यांचे नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवावे, असा त्याचा छंद. दक्षिणेकडील पळणी डोंगरांतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नांवांत त्याचें नांव आजही आहे. खेड्यांतल्या माणसांना पक्ष्यांचें कौतुक किती होतें, कोण जाणे! पण जो साहेब नांगराविषयीं बोलूं शकतो, त्याच्याजवळ दोन घटका बसण्यास हरकत नसते.

आणि नेवासें म्हणजे ज्ञानेश्वरीची भूमि. येथल्या माणसाला देवाची गोष्ट टाळ-वीणेवांचून ऐकण्याची संवय नाहीं. हेन्री बॅलंटाईन यांनीं मराठींत गीतें रचलीं, पण चाली बहुतेक पाश्चात्य. खेड्यांतील बायकांच्या गळ्यांत त्या बसेनात. तेव्हां कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनीं साकी, दिंडी, अभंग, ओंवी हीं आपलीं छंदें घेतलीं, आणि ख्रिस्ती कीर्तन उभें केलें. पूर्वरंग, उत्तररंग, मृदंग, टाळ, मागें झिलकरी. आख्यान मात्र येशूचें. चावडीवरच्या वादानें जें झालें नाहीं, तें रात्रीच्या कीर्तनानें झालें; गांवचे कुणबीही कडेला येऊन ऐकूं लागले. पाऊसकाळ सरतां सरतां खेड्यांतल्या मंडळ्या वार्षिक सभेसाठीं नगरास जमत, तेव्हां ही कीर्तनें रात्र रात्र चालत. हिंवाळ्यांत पाद्री खेड्याकडे जाई. त्याआधीं खेडें नगराकडे येऊन गेलेलें असे. वारीची संवय असलेल्या मुलखाला दुसरी वारी समजावून सांगावी लागली नाहीं. पुढें नारायण वामन टिळकांनीं ही परंपरा शिखरास नेली. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं दीक्षा घेतली व नगर हें कार्यक्षेत्र केलें. लक्ष्मीबाई पांच वर्षांनीं त्या मंडळींत आल्या, आणि अन्न-पाण्याच्या सोंवळ्याशीं आपला झगडा कसा चालला, तें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’मध्यें लिहून ठेवलें. नगरच्याच ख्रिस्ती कुटुंबांतील शाहू मोडक १९४० सालीं प्रभातच्या चित्रपटांत ज्ञानेश्वर झाले, आणि महाराष्ट्रानें त्यांच्यापुढें हात जोडले, हेंही येथें आठवतें.

१८७६-७८ व १८९९-१९०० या दुष्काळांनंतर मंडळ्यांची संख्या फार वाढली, आणि त्याबरोबर एक डागही लागला: हे पोटासाठीं ख्रिस्ती झाले. आरोप सर्वस्वीं खोटा नाहीं. मिशनच्या खडीच्या कामावर, मिशनच्या अनाथगृहांत ज्यांचे प्राण वांचले, त्यांनीं त्या दाराला आपलें मानलें. मिशनऱ्यांनाही ही शंका छळीत असे. तेलुगू मुलखांत ओंगोल येथें जॉन क्लाऊ यांनीं दुष्काळ चालू असेतों बाप्तिस्मा देण्याचें थांबविलें, आणि नंतर ३ जुलै १८७८ या एका दिवशीं २,२२२ लोकांनीं तो घेतला. दुसरीही एक बाजू आहे. दुष्काळ ओसरल्यावर धान्य थांबलें, बलुतें तर आधींच गेलेलें. तरी कित्येक घरें परतलीं नाहींत. पोटाच्या हिशेबानें परतणेंच फायद्याचें होतें.

टिकण्याचें कारण बहुधा शाळा. खेड्यांतील उपासनामंदिर म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली. दिवसा शाळा, सायंकाळीं प्रार्थना, रात्रीं वाटसरूची धर्मशाळा. मास्तर हाच पुष्कळदां उपदेशक, आणि त्याची बायको घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवी. नगरच्या मिस फॅरर यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली, हें प्रसिद्धच आहे. त्याच फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता या मांग मुलीनें महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त छापून आला. हें पत्र १८४२ सालीं नगरासच निघालें होतें. पाद्र्यांच्या अहवालांत जो यजमान मुका राहिला, तो येथें, त्यांच्याच पत्रांत, चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडून बोलला, आणि पाद्र्यांपेक्षां पुष्कळ स्पष्ट बोलला.

मास्तराचा पगार मात्र अमेरिकेहून येई, हें त्या इमारतीचें कच्चें लांकूड होतें. टिळकांनीं तें ओळखलें आणि १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली. १९३० नंतरच्या मंदींत अमेरिकेचा ओघ आटला, तेव्हां खेड्यांतील शाळांना त्याची झळ लागली. मंडळ्या १९७० सालीं नागपुरास स्थापन झालेल्या उत्तर हिंदुस्थानच्या एकत्रित चर्चमध्यें सामील झाल्या. तोंवर सीना ही राज्याची शीव उरली नव्हती. पण नवी शीव आंखली गेली होती, आणि ती घराच्या आंतून जात होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ त व बौद्धांना १९९० त मिळाला. ख्रिस्ती बाहेर राहिले. एका पणज्याचे पणतू, एकाच वस्तींत राहणारे; कोणी १९५६ नंतर बौद्ध झालेले, कोणी ख्रिस्ती; एकाला शिष्यवृत्ति व राखीव जागा, दुसऱ्याला नाहीं. बलुतें बंद झालें तेव्हां पणज्याला पडलेला प्रश्न पणतूला दाखल्याच्या रूपानें पुन्हां पडला. २०२२ च्या ऑक्टोबरांत भारत सरकारनें माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला. धर्मांतरानंतर या लोकांच्या चालीरीतींत व त्यांच्या वांट्यास येणाऱ्या सामाजिक भेदभावांत काय फरक पडतो, हें पाहण्याचें काम त्याच्याकडे सोंपविण्यांत आलें.